ऑटिझम, एडीएचडी असलेल्या मुलांसोबत घरी माती, पीठ आणि रंग: काय, किती आणि कसं

मुलाला रंगांजवळ, मातीजवळ नेताना बहुतेक घरांत एक अपेक्षाही सोबत येते. यातून बोलणं सुरू होईल, अक्षर सुधारेल, एका जागी बसायची सवय लागेल. यातलं काही घडतंही. पण त्या अपेक्षेनं शेजारी बसलं की मुलाला ते लगेच जाणवतं, आणि आठवड्यातल्या स्पीच, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजच्या कामांसाठी हात-अंगाचा सराव), रेमेडियल (अभ्यासाची खास शिकवणी) या रांगेत अजून एक तास उभा राहतो. म्हणून पुढचं सगळं एकाच धोरणावर बेतलेलं आहे: बदल सामानात, जागेत, वेळेत आणि आपल्या बोलण्यात करायचा. मुलाचा हात धरून त्याच्याकडून काही करून घ्यायचं नाही.

आधी जागा आणि वेळ

वेगळी खोली लागत नाही. भिंतीलगतची चार फूट बाय चार फूट जागा पुरते, फक्त ती रोज तीच हवी आणि तिथे तीच चटई हवी. मुलाची पाठ भिंतीकडे ठेवा. पाठीमागून कोणी ये-जा करत असेल तर काही मुलांचं अर्धं लक्ष तिकडेच राहतं. गुणगुणणारी जुनी ट्यूबलाइट बंद करून खिडकीतला उजेड बाजूनं घ्या. कुकर, मिक्सर, वॉशिंग मशीन त्या वेळात नको. आवाज, प्रकाश, वास, स्पर्श यांना जास्त किंवा फारच कमी प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या निदानाच्या निकषांमध्ये डीएसएम-५ या मानसिक आरोग्याच्या निदान-पुस्तिकेत २०१३पासून नोंदलेलं आहे. त्यामुळे पंख्याच्या आवाजानं कान झाकणाऱ्या मुलाला ‘नाटकं करू नकोस’ म्हणण्यात अर्थ नाही. त्याला तो आवाज खरोखर तेवढा लागतो.

शाळेतून आल्या आल्या काही मांडू नका. दिवसभर वर्गात स्वतःला सावरून मूल दमलेलं असतं. खाणं आणि अर्धा-पाऊण तास कोणीही काही न विचारणं, त्यानंतर काम. एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि एका जागी थांबणं अवघड जाणं) असलेल्या मुलाला बसण्याआधी अंगाला जोर लावायला द्या: दोन्ही तळवे टेकून भिंत ढकलणं दहा वेळा, दोन किलोची तांदळाची पिशवी स्वयंपाकघरातून चटईपर्यंत आणणं, गादीवर उड्या. पाच मिनिटं पुरतात. असं केल्यावर बऱ्याच मुलांचे हात कामात जास्त वेळ टिकतात. तरीही मूल उभं राहून किंवा पोटावर झोपून रंगवत असेल तर तसंच रंगवू द्या. कामाला मांडी घालून बसण्याची अट नाही.

टेबल-खुर्ची असेल तर पाय लोंबकळत नाहीत ना ते पाहा. लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. पाय टेकलेले नसले की अंग सावरण्यातच ताकद जाते आणि बोटांचं काम बिघडतं. पेन्सिल वेडीवाकडी धरणाऱ्या मुलासाठी कागद टेबलावर ठेवण्याऐवजी कपाटाच्या दारावर, खांद्याच्या उंचीला चिकटपट्टीनं लावा. उभ्या कागदावर मनगट आपोआप योग्य कोनात येतं. क्रेयॉन मोडून इंचभराचे तुकडे करा, कारण एवढासा तुकडा मुठीत धरून रंगवता येत नाही, तो चिमटीतच धरावा लागतो. ‘नीट धर’ असं सांगायची वेळच येत नाही.

सुरुवात, शेवट आणि मधलं बोलणं

अनेक मुलांना कामापेक्षा काम बदलण्याचा त्रास जास्त होतो. मोबाइलवर तीन फोटो काढून पुठ्ठ्यावर ओळीनं लावा: सामान, काम करणारे हात, हात धुण्याचं बेसिन. रोज सुरुवातीला बोट ठेवून दाखवा. शेवटाची सूचना दोनदा द्या, पाच मिनिटं आधी आणि दोन मिनिटं आधी. वेळ दिसेल असं काही ठेवा: वाळूचं घड्याळ किंवा भिंतीवरच्या घड्याळाला लावलेली रंगीत पट्टी. शेजारी दोन ट्रे, एक ‘झालं’चा आणि एक ‘उद्या’चा. काम अर्धं राहिलं की हवालदिल होणारी मुलं असतात, त्यांचा जीव या दुसऱ्या ट्रेमुळे भांड्यात पडतो. मात्र ‘उद्या’च्या ट्रेतलं काम दुसऱ्या दिवशी खरंच पुढे यायला हवं. ते रात्री आवरून फेकलं गेलं तर मूल पुढच्या वेळी ट्रेवर विश्वास ठेवणार नाही.

निवड द्या, पण दोनच गोष्टींची. बोलत नसलेल्या मुलासमोर पिठाचा गोळा आणि रंगाची बाटली दोन हातांत धरा. मूल जिकडे बघेल, हात नेईल किंवा ओढेल ती निवड. चित्रकार्डं कळत असतील तर ती वापरा. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे मोफत ॲप मराठीतही आहे, चित्रावर बोट ठेवलं की ते शब्द बोलतं. कार्डं किंवा ॲप वापरल्यानं बोलणं मागे पडेल ही भीती घरोघरी असते. ती बाजूला ठेवा, सांगता येण्याचा मार्ग मिळाला की मुलाची घालमेल कमी होते.

कामाच्या वेळी प्रश्न जवळजवळ बंदच करावेत. ‘हा कुठला रंग?’, ‘हे काय काढलंस?’ ही परीक्षा होते. त्याऐवजी जे दिसतंय ते थोडक्यात बोला: ‘निळा आला.’ ‘लांब रेघ.’ काही विचारावंच लागलं तर विचारून मनात दहापर्यंत मोजा. आपण तिसऱ्या सेकंदाला तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो आणि मुलाला सगळं पहिल्यापासून जुळवावं लागतं. माझ्याकडे बघ, असं सांगू नका. हाताकडे बघतानाही मूल ऐकत असतं.

पीठ, उकड, शाडू

सुरुवातीला मळायचं सामान सगळ्यात चांगलं, कारण त्यात चुकण्यासारखं काही नसतं. खाऱ्या पिठाचं प्रमाण असं: दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, दोन टेबलचमचे तेल, पाऊण ते एक वाटी कोमट पाणी. रंगाला एक छोटा चमचा हळद, किंवा पाण्याच्या जागी बिटाचं पाणी. आधी कोरडं एकत्र करा, मग तेल, मग पाणी थोडं थोडं. पाच मिनिटं मळून दहा मिनिटं झाकून ठेवा. चिकट झालं तर लगेच मैदा ओतू नका, ती दहा मिनिटं जाऊ द्या, बराचसा चिकटपणा जातो. मग लागलाच तर एक चमचा मैदा. भेगा पडत असतील तर हात ओला करून मळा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि कालचा छान गोळा आज बुळबुळीत लागतो. तो बदललेला स्पर्श मुलाला मुळीच चालत नाही आणि ‘काल तर खेळत होता’ म्हणून आपण गोंधळतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याभरात टाकून द्या.

दोन गोष्टी डोळ्यात तेल घालून पाहायच्या. पहिली, मुलाच्या बोटांवर चिरा, कुरतडलेली नखं, फुटलेलं कातडं आहे का. मीठ तिथे झोंबतं. ज्याला ‘झोंबतंय’ सांगता येत नाही ते मूल किंचाळून उठतं, गोळा फेकतं आणि पुढे कित्येक आठवडे पिठाला हात लावत नाही. दुसरी, मूल वस्तू तोंडात घालतं का. घालत असेल तर खारं पीठ आणूच नका, एवढं मीठ पोटात जाणं लहान मुलाला धोक्याचं आहे. कच्ची कणीकही खाण्यासाठी नाही.

अशा मुलांसाठी मोदकांची उकड उत्तम. एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, एक छोटा चमचा तूप उकळायला ठेवा. उकळी आली की एक वाटी तांदळाची पिठी घालून ढवळा, झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं वाफ काढा, गॅस बंद करून पाच मिनिटं तशीच ठेवा, मग हाताला पाणी लावून मळा. शिजलेली असल्यानं थोडी पोटात गेली तरी बिघडत नाही. ती ऊबदार आणि गुळगुळीत असते, आणि कोमट स्पर्श अनेक मुलांना थंड गोळ्यापेक्षा सोसतो. देण्याआधी ती आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. काही मुलांना चटका उशिरा जाणवतो, त्यामुळे मूल ओरडलं नाही म्हणून उकड गरम नव्हती असं होत नाही. अर्ध्या तासात ती सुकून चिरते, पाण्याचा हात लावत राहा. उरलेली त्याच दिवशी टाका.

शाडूची माती गणपतीच्या आधी घराघरांत येते, तेव्हा तिच्याबद्दल नीट सांगायला हवं. ओली असेपर्यंत ती लोण्यासारखी मऊ असते. त्रास सुरू होतो पाच-सात मिनिटांनी, हातावरचा थर वाळून कातडी ओढायला लागतो तेव्हा. मूल मजेत मळत असतं आणि मध्येच हात झटकत उठतं ते त्यामुळे. तीन गोष्टी करा: आधी तळव्यांना खोबरेल तेलाचा हात, शेजारी पाण्याचा वाडगा, आणि ओला नॅपकिन मुलाला दिसेल असा. हात केव्हाही धुता येतील हे डोळ्यांसमोर असलं की बरीच मुलं जास्त वेळ थांबतात. गणपतीचाच आकार व्हावा हा आग्रह सोडा. नुसते वीस गोळे ओळीत मांडले तर ते वीस गोळे हेच त्या दिवसाचं काम.

ज्याला स्पर्शच नको त्याच्यासाठी पायऱ्या आहेत. पहिले काही दिवस दुसऱ्या कोणीतरी मळायचं, मुलानं लांबून बघायचं. मग लाटणं किंवा चमचा हातात, म्हणजे पिठाला हत्याराचा स्पर्श. मग जाड झिप पिशवीत दोन टेबलचमचे रंग किंवा पिठाचा पातळ गोळा, तोंड चिकटपट्टीनं बंद करून पिशवी खिडकीच्या काचेला लावलेली, मुलानं वरून दाबायची. मग एक बोट. तळवा सगळ्यात शेवटी. एकेका पायरीला एक दिवस लागेल किंवा दोन महिने. काही मुलं पिशवीवरच थांबतात. थांबू द्या. ‘हात लावलास तर चॉकलेट’ हे टाळा. चॉकलेटसाठी हात लागतो, पण स्पर्शाची भीती होती तशीच राहते.

रेघा, ठिपके आणि ओळीत मांडलेली बटणं

ज्यांना अक्षरांनी सतत हरवलंय, डिस्लेक्सिया (वाचायला अवघड जाणं) किंवा लिहिण्याच्या अडचणी असलेल्या त्या मुलांसाठी वारली शैली फार सोयीची. वर्तुळ, त्रिकोण, रेघ, बस. पालघर-ठाणे भागातले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आई गेल्यानंतर लहानपणी काही वर्षं ते बोलत नव्हते, धुळीत चित्रं काढून सांगत, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. घरी करताना खाकी कागदावर गेरूचा पातळ हात द्या आणि रात्रभर वाळवा. ओल्या गेरूवर पांढरा रंग पसरतो आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. दोन चमचे तांदळाच्या पिठीत पाणी आणि थोडा डिंक घालून ताकाइतकं दाट करा. ब्रशऐवजी कान साफ करायची कापूसकाडी द्या, तिच्या टोकानं ठिपका दर वेळी सारखाच येतो.

रांगोळीची पूड हातातून सोडणं अवघड आहे आणि ती बारीक धूळ नाकात जाते. त्यापेक्षा मोठ्या ट्रेमध्ये अर्धा सेंटीमीटर थर होईल इतका रवा पसरा आणि बोटानं रेघा ओढू द्या. ट्रे हलवला की पाटी कोरी. ठिपक्यांच्या रांगोळीची आवड असेल तर कागदावर पाच ओळी, पाच ठिपके, एक-एक इंच अंतर ठेवून काढा. एडीएचडीच्या मुलासाठी तीन बाय तीन, म्हणजे लक्ष उडायच्या आत रांगोळी पूर्ण होते.

वस्तू ओळीत लावणाऱ्या मुलाची ओळ मोडू नका. बटणं, बाटल्यांची झाकणं, वाळलेली पानं यांची भरपूर मोठी पेटी करून द्या आणि खाली गडद रंगाचं कापड अंथरा. आकारानं, रंगानं, कधी आपल्याला न कळणाऱ्या नियमानं मुलं जे मांडतात ती रचनाच आहे. संपल्यावर फोटो काढा, मगच आवरा. तोंडात किंवा नाकात वस्तू घालणाऱ्या मुलाला बटणं, राजमा, चवळी नको. त्याला वाट्या आणि डब्यांची झाकणं द्या.

मुलाला पंखा, लिफ्ट, लोकलचे इंडिकेटर, एसटीच्या पाट्या यांचं वेड असेल तर तोच विषय घ्या. कागदी ताटलीच्या मधोमध टाचणी ठोकून फिरणारा पंखा, पुठ्ठ्यावर लिफ्टची बटणं. बरेच जण ही आवड बक्षीस म्हणून वापरतात: आधी सफरचंद रंगव, मग पंखा. त्यामुळे सफरचंदाची गोडी लागत नाहीच, आणि पंख्याच्या आनंदाला मात्र अट चिकटते.

तालासाठी स्टीलचे डबे आणि लाकडी चमचा पुरे. तुम्ही थांबलात की सगळे थांबणार, एवढाच खेळ. डब्यावर जुना टॉवेल टाकला की आवाज अर्धा होतो. ढोल-ताशाच्या दिवसांत मात्र आवाज अडवणारे हेडफोन जवळच ठेवा.

बिनसलं तर

मुलाचा उद्रेक हा नेहमी हट्ट नसतो. हट्टात मूल तुमच्याकडे बघून अंदाज घेतं, मागितलेलं मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये, म्हणजे ताण सोसेनासा होऊन मूल कोसळतं तेव्हा, मागितलेलं दिलं तरी ते थांबत नाही, कारण ते त्याच्या हातात राहिलेलं नसतं. अशा वेळी दिवा बंद, बाकीचे खोलीबाहेर, कात्री वगैरे लांब, आणि बोलणं जवळपास शून्य. ‘मी आहे’ एवढंच. मिठी मुलाला आवडत असेल तरच. शांत झाल्यावर पाणी द्या. जाब विचारू नका, पसारा त्याच्याकडून आवरून घेऊ नका. रात्री तुम्ही मागे जाऊन पाहा: भूक होती का, पोट साफ होतं का, रंगाला वास होता का, शेजारी ड्रिल सुरू होतं का, पाच मिनिटांची सूचना राहिली होती का.

हात फडफडवणं, झुलणं, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणं यावर उपाय शोधू नका. आनंदात आणि ताणात मूल त्यातून स्वतःला सावरतं. इजा होत असेल, म्हणजे डोकं आपटणं, स्वतःला चावणं, तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आधी येत असलेले शब्द गेले, नजर मध्येच गोठते किंवा माती, कागद, केस गिळणं सुरू झालं तरीही त्यांना दाखवायला थांबू नका.

घरातली माणसं

‘अगं, तो माझ्याकडे बघतही नाही’ असं सासूबाईंनी म्हटलं की आपण समजावत बसतो. त्यापेक्षा काम द्या: ‘आई, तो ऐकतोय. तुम्ही नुसत्या शेजारी बसून तुमची उकड मळा, त्याला काही विचारू नका.’ शेजारी बसून आपापलं काम करणं हीदेखील सोबतच आहे, आणि आज्यांना ती चांगली जमते. ‘लाडावून ठेवलंय’ म्हणणाऱ्या पाहुण्यांसाठी एक वाक्य पाठ असू द्या: ‘त्याला आवाजाचा त्रास होतो, आम्ही आत बसतो.’ मुलासमोर त्याच्याबद्दल इतरांशी बोलू नका. न बोलणाऱ्या मुलालाही ते कळतं.

चित्र पूर्ण झाल्यावर टाळ्या आणि ‘वाऽऽ’ काही मुलांना नको असतात. हळू आवाजात ‘इथे तू लाल रंग खूप जोरात दिलास’ म्हटलं तरी पोचतं. चित्रात सुधारणा करायला हात घालू नका, सूर्य हिरवा असेल तर हिरवा. भिंतीवर लावायचं का, हे मुलाला विचारा. फॅमिली ग्रुपवर टाकायचं का, हेही. भावंडाला वेगळं सामान आणि वेगळा वेळ द्या, सतत ‘तू मोठी आहेस, त्याला दे’ ऐकून तीही कोमेजते.

उलट टोकाची एक अपेक्षाही असते: ऑटिझम आहे म्हणजे चित्रकलेत काहीतरी अलौकिक असणार. काहींकडे असतं, बहुतेकांकडे इतर मुलांइतकंच. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसवायचं तर मुलाची इच्छा असेल तरच. ठरावीक वेळात ठरावीक विषय, ओळख नसलेलं सभागृह, हे सगळं त्याला आधी फोटोत आणि प्रत्यक्ष दाखवून.

शाळेशी बोलताना कागद हाताशी असलेले बरे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारख्या अडचणी) आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. सवलतींसाठी शासकीय यंत्रणेचं प्रमाणपत्र लागतं, त्याला वेळ लागतो. दहावीची वाट न पाहता आधीच सुरुवात करा.

प्रत्येक कामाच्या मागे पेन्सिलीनं चार गोष्टी लिहा: तारीख, सामान, मूल किती मिनिटं रमलं, आणि कुठे थांबलं. मातीकामाचा फोटो काढून त्यावर हेच. तीन महिन्यांचे कागद ओळीनं मांडले की दिसतं की शाडूवर चार मिनिटं आणि रव्यावर पंचवीस, सकाळी बरं आणि संध्याकाळी नाही. तो गठ्ठा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे आणि वर्गशिक्षिकेकडे घेऊन जा. ‘लक्षच देत नाही’ या शेऱ्यावर बोलताना तो समोर ठेवा.